पडद्यावर हिरोईन, राजकारणात शिवी: कोरियातली ‘मुदांग’ नेमकी आहे तरी कोण?

२० जून २०२५ ला नेटफ्लिक्सवर ‘के-पॉप डेमन हंटर्स’ आला आणि दोन-अडीच महिन्यांत तो नेटफ्लिक्सवर सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला. त्यातली गाणी तुमच्या रील्सवर येऊन गेली असतीलच. रुमी, मीरा आणि झोई या तीन मुली स्टेजवर गातात आणि उरलेल्या वेळात राक्षसांना पळवून लावतात, अशी ही गोष्ट. सिनेमाच्या सुरुवातीलाच कळतं की हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. जुन्या काळातल्या तीन बायका गाऊन, नाचून दुष्ट शक्तींना हटवताना दिसतात. या पहिल्या शिकारी म्हणजे कोरियातल्या ‘मुदांग’, असं दिग्दर्शिका मॅगी कांग यांनी मुलाखतींमध्ये सांगितलंय. झोईच्या हातात जे छोटे सुरे आहेत, तेही मुदांग पूजेत वापरतात त्या ‘सिनखाल’वरून घेतलेले.

त्याच उन्हाळ्यात सोलमध्ये वेगळंच नाट्य सुरू होतं. पदावरून हटवले गेलेले राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांच्या पत्नी किम क्योन-ही यांची चौकशी चालू होती. महागड्या पर्स आणि हिऱ्यांचा हार त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा मध्यस्थ म्हणून ज्याच्यावर आरोप झाले, त्याची ओळख बातम्यांत एकाच शब्दात दिली जात होती: शामन.

एकाच देशात, एकाच मोसमात हा शब्द एकीकडे अभिमानाचा होता आणि दुसरीकडे लाजेचा. हा घोळ समजून घ्यायचा तर आधी मुदांग काय करते ते पाहावं लागेल.

देव अंगात येतो, पण त्याआधी आजार येतो

कोरियातल्या या परंपरेला ‘मुसोक’ म्हणतात. तिला ना धर्मग्रंथ, ना संस्थापक, ना दर आठवड्याला जमण्याचं ठिकाण. सगळं काही एका व्यक्तीभोवती फिरतं. ती व्यक्ती म्हणजे मुदांग. आदराने बोलायचं असेल तर ‘मानसिन’, म्हणजे दहा हजार देव असलेली. बहुसंख्य मुदांग बायकाच असतात. पुरुष असेल तर त्याला ‘बाक्सू’ म्हणतात, आणि विधी करताना तोही अनेकदा बायकांचे कपडे घालतो.

मराठी वाचकाला ‘अंगात येणं’ समजावून सांगायची गरज नाही. पण कोरियात त्याआधीचा एक टप्पा फार महत्त्वाचा मानला जातो. देव एखाद्याला निवडतो तेव्हा त्या माणसाला ‘सिनब्योंग’ होतो. शब्दशः अर्थ, देवाचा आजार. अन्न जात नाही, झोप लागत नाही, विचित्र स्वप्नं पडतात, आवाज ऐकू येतात, डॉक्टरांना काही सापडत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ साली काढलेल्या निदान-पुस्तिकेत, विशिष्ट संस्कृतींमध्ये दिसणाऱ्या त्रासांच्या यादीत या आजाराची नोंद आहे.

परंपरेनुसार यावर एकच उपाय असतो, देवाला हो म्हणणं. त्यासाठी ‘नेरिम-गुत’ नावाचा दीक्षाविधी होतो. अनुभवी मुदांग नव्या मुलीची ‘देवआई’ बनते. तिच्याकडून गाणी, नाच, नैवेद्य मांडायची पद्धत, देवांची नावं असं सगळं वर्षानुवर्षं शिकायचं. म्हणजे देव एका दिवसात अंगात आला, तरी धंदा एका दिवसात येत नाही.

प्रत्यक्ष विधीला ‘गुत’ म्हणतात. ढोल, झांजा, घुंगरांचा गुच्छ, पंखा, फळांचे आणि मिठाईचे ढीग, बऱ्याचदा अख्खं डुकराचं डोकं. मुदांग एकामागून एक झगे बदलते, कारण प्रत्येक देवाचा पोशाख वेगळा. देव आला की तिच्या तोंडून जे बोललं जातं त्याला ‘कोंग्सू’ म्हणतात. घरातला मेलेला माणूसही याच वाटेने येऊन बोलतो: कुणावर रागावतो, कुणाची माफी मागतो, कुणाकडे उसने दिलेले पैसे आठवतो. काही मुदांग कडबा कापायच्या धारदार पात्यांवर अनवाणी उभ्या राहतात. देव खरंच आलाय याचा तो पुरावा समजला जातो.

देवांची यादीही भारी आहे. डोंगराचा देव, सप्तर्षी, १३८८ साली मारला गेलेला सेनापती चोई योंग. इंचन परिसरातल्या काही मुदांगच्या देव्हाऱ्यात तर चक्क अमेरिकन जनरल डग्लस मॅकआर्थरही आहेत. कोरियन युद्धात १९५० साली त्यांनी इंचनला सैन्य उतरवलं होतं, त्यामुळे तेही शूर सेनापतींच्या रांगेत जाऊन बसले.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा, कारण बातम्यांमध्ये तो सतत पुसला जातो. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांवरून भविष्य सांगणाऱ्या पद्धतीला ‘साजू’ म्हणतात. ती आपल्या पत्रिकेसारखी, पुस्तकातून शिकता येणारी. साजू सांगणाऱ्याच्या अंगात कुणी येत नाही. के-ड्रामात कॉफी पिता पिता भविष्य विचारणारी जोडपी दिसतात ती बहुतेक साजूवाल्याकडे बसलेली असतात, मुदांगकडे नाही.

पाचशे वर्षं वेशीबाहेर

१३९२ पासून १९१० पर्यंत कोरियावर जोसोन घराण्याचं राज्य होतं. राज्यकारभार कन्फ्युशियसच्या विचारांवर चालायचा. घरात पूर्वजांची पूजा पुरुषांनी करायची, तीही शिस्तीत, शांतपणे. ढोल बडवत नाचणाऱ्या बाईला त्यात जागा नव्हती. मुदांगची गणना समाजातल्या सगळ्यात खालच्या थरात व्हायची आणि त्यांना राजधानीच्या तटबंदीच्या आत राहायला मनाई होती. गंमत म्हणजे राजवाड्यातल्या राण्या आजारपणात त्यांनाच बोलावून घ्यायच्या.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लॉरेल केंडल यांनी १९७० च्या दशकात कोरियन खेड्यात राहून यावर काम केलं. घरातल्या धर्माची कशी वाटणी झाली होती, हे त्यांनी मांडलं. पूर्वजांची अधिकृत पूजा पुरुषांकडे, आणि मूल न होणं, नवऱ्याचं दारूचं व्यसन, अकाली गेलेली लेक, सासूशी न मिटलेलं भांडण हे सगळं बायकांकडे, म्हणजेच मुदांगकडे. ज्या दुःखाला देवघरात जागा नव्हती ते गुतमध्ये मोठ्याने बोलता यायचं.

मग जपान आला. वसाहतीच्या काळात (१९१० ते १९४५) मुसोकला अंधश्रद्धा ठरवून पोलिसी निर्बंध घातले गेले. सोलच्या नामसान टेकडीवर जपान्यांनी आपलं भलंमोठं शिंतो देऊळ बांधलं, तेव्हा तिथलं ‘गुक्सादांग’ हे मुदांगांचं मुख्य देवस्थान १९२५ मध्ये इन्वांगसान डोंगरावर हलवावं लागलं. ते आजही तिथेच आहे.

स्वातंत्र्यानंतर सुटका होईल असं वाटलं असेल, पण झालं उलटंच. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी १९७० मध्ये ‘सेमाऊल उन्दोंग’, म्हणजे नवं गाव चळवळ सुरू केली. गवताची छपरं गेली, रस्ते आले, आणि त्याच झपाट्यात अंधश्रद्धा हटवायच्या नावाखाली गावोगावची देवस्थानंही पाडली गेली. चालू गुत बंद पाडले जायचे. जगण्यासाठी मुदांगांनी जी संघटना काढली तिच्या नावात चक्क ‘साम्यवादावर विजय’ हा शब्द घातला होता. आम्ही देशद्रोही नाही, एवढं सांगायला दुसरा मार्ग नव्हता.

आणि तरीही त्याच सरकारने १९७३ मध्ये गुक्सादांगला लोकसंस्कृतीचा वारसा म्हणून संरक्षण दिलं. एका हाताने पाडायचं, दुसऱ्या हाताने जपायचं.

हा विरोधाभास एकाच आयुष्यात पाहायचा असेल तर किम गुम-ह्वा यांचं नाव घ्यावं लागतं. जन्म १९३१, आज उत्तर कोरियात असलेल्या ह्वांगहे प्रांतात. सतराव्या वर्षी आजीकडून दीक्षा. युद्धात दक्षिणेला पळून आल्या. सेमाऊलच्या काळात त्यांचेही विधी उधळले गेले. १९८२ मध्ये कोरिया-अमेरिका संबंधांच्या शताब्दीनिमित्त त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. १९८५ मध्ये कोरियन सरकारने त्यांना पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या गुतसाठी राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या अधिकृत वाहक म्हणून मान्यता दिली. दिग्दर्शक पार्क चान-क्योंग यांचा ‘मानसिन’ हा चित्रपट त्यांच्याच आयुष्यावर आहे. २०१९ मध्ये त्या गेल्या.

पण सरकारी मान्यतेत एक मेख आहे. सरकार जपतं ते संगीत, नाच, पोशाख. त्या बाईच्या अंगात खरंच कुणी येतं का, या प्रश्नाला सरकार हात लावत नाही.

जेजूमध्ये मेलेल्यांनी दिलेली साक्ष

कोरियाच्या दक्षिणेला जेजू नावाचं बेट आहे. तिथे मुदांगला ‘सिम्बांग’ म्हणतात आणि हे काम बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यात वाऱ्याची देवी योंगदुंग बेटावर येते, अशी समजूत आहे. तिच्यासाठी कोळी आणि पाणबुड्या बायका ‘चिल्मोरिदांग योंगदुंग-गुत’ करतात. २००९ मध्ये युनेस्कोने तो आपल्या वारसा यादीत घेतला. पर्यटक फोटो काढतात तो हा गुत.

दुसरा गुत फोटो काढण्यासारखा नव्हता. १९४८ च्या ३ एप्रिलला जेजूवर डाव्या गटांचा उठाव झाला आणि तो चिरडताना पुढच्या काही वर्षांत २५ ते ३० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे. त्यात म्हातारी माणसं होती, लहान मुलं होती. मेलेल्यांच्या नातेवाईकांवर ‘लाल’ असल्याचा शिक्का बसायचा, नोकरी मिळायची नाही. लष्करी राजवटीत या विषयावर बोलणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. अशा काळात घराच्या आत, सिम्बांगच्या तोंडून मेलेला मुलगा बोलायचा. मला कुठे नेलं, कसं मारलं, माझं प्रेत कुठे पडलंय. जिवंत माणसाने हेच वाक्य उच्चारलं असतं तर त्याला अटक झाली असती. राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी सरकारतर्फे माफी मागितली ती २००३ मध्ये.

मुसोक म्हणजे निव्वळ फसवणूक, असं म्हणणाऱ्यांना जेजूचं काय करायचं याचं उत्तर द्यावं लागतं.

भोळी मुदांग, भयंकर मुदांग, कूल मुदांग

किम दोंग-री यांची ‘मुन्योदो’ ही कथा १९३६ ची. आई मुदांग, मुलगा ख्रिस्ती होऊन परत आलेला, आणि दोघांमध्ये जीवघेणा संघर्ष. पुढची कितीतरी वर्षं कोरियन साहित्य-सिनेमातली मुदांग अशीच होती. जुन्या जगाची, बिचारी, आधुनिकतेपुढे हरणारी.

मग ती भयपटात आली. ना होंग-जिन यांच्या ‘द वेलिंग’ (२०१६) मध्ये ह्वांग जुंग-मिन यांनी साकारलेला बाक्सू इल-ग्वांग शहरातून कारने येतो, ऐटीत वावरतो, आणि त्याचा लांबलचक गुत बघताना तो वाचवतोय की मारतोय हेच कळत नाही. संशय हाच त्या सिनेमाचा विषय.

खरा बदल दिसला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘एक्झ्युमा’मध्ये. कोरियन नाव ‘फाम्यो’, म्हणजे कबर उकरणं. परदेशात राहणाऱ्या एका श्रीमंत कोरियन कुटुंबाला पूर्वजाची कबर छळतेय, म्हणून दोन तरुण मुदांग, एक भूमितज्ज्ञ आणि एक अंत्यविधीवाला एकत्र येतात. किम गो-उन यांनी ह्वा-रिम साकारताना प्रत्यक्ष मुदांगांकडून धडे घेतले. गुतच्या प्रसंगात तिच्या पायात कॉन्व्हर्सचे बूट आहेत आणि त्याच बुटांवर सोशल मीडियावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. साधारण सव्वापाच कोटी लोकसंख्येच्या देशात या सिनेमाची १ कोटी १९ लाखांच्या आसपास तिकिटं खपली. पात्रांची नावंही मुद्दाम निवडलेली: तरुण सहकाऱ्याचं नाव युन बोंग-गिल, म्हणजे १९३२ मध्ये शांघायमध्ये जपानी अधिकाऱ्यांवर बॉम्ब टाकणारा क्रांतिकारक. पुढे जमिनीखालून काय निघतं ते सांगत नाही, पण जपानी वसाहतीचा हिशेब त्यात आहे. ज्या बाईला शतकभर मागासलेली म्हटलं, तिलाच इथे देशाच्या जखमेवर उपचार करायला बोलावलंय.

त्यानंतर जणू रांगच लागली. २०२४ मध्येच एसबीएस वाहिनीने मुदांग, साजूवाले आणि टॅरो वाचणारे तरुण-तरुणी एकत्र ठेवून डेटिंग शो काढला. आपला जोडीदार कोण हे या लोकांना आधीच कळायला हवं, पण तेही इतरांसारखेच गोंधळले, आणि हीच त्या शोची मजा. २०२५ मध्ये ‘हेड ओव्हर हील्स’ आला. त्यातली नायिका दिवसा शाळकरी मुलगी आणि रात्री मुदांग. आणि ‘के-पॉप डेमन हंटर्स’ही.

पडद्यावरच्या या मुदांगांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्या तरुण आहेत, देखण्या आहेत आणि त्यांचा गुत कधी फुकट जात नाही. बिल कोण भरतंय, हे मात्र बहुतेक मालिकांत दिसत नाही.

राजकारणात मात्र शिवीच

२०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क गुन-हे यांच्या मैत्रीण चोई सून-सिल यांचा सरकारी कामातला हस्तक्षेप उघड झाला. चोई यांचे वडील चोई ते-मिन हे स्वतःला पाद्री म्हणवणारे, अनेक धर्मांची मिसळ करून पंथ चालवणारे गृहस्थ. तांत्रिकदृष्ट्या त्यांचा मुदांगशी संबंध नव्हता, पण जगभरच्या बातम्यांत ‘शामन’ हाच शब्द चिकटला. ४ नोव्हेंबर २०१६ च्या भाषणात पार्क यांना टीव्हीवरून सांगावं लागलं की आपण कुठल्या पंथाच्या नादी लागलेलो नाही आणि राष्ट्राध्यक्ष निवासात गुत केल्याची चर्चा खोटी आहे. मार्च २०१७ मध्ये त्यांचं पद गेलं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये यून सुक-योल उमेदवारीच्या चर्चेत हातावर ‘राजा’ या अर्थाचं चिनी अक्षर घेऊन दिसले. शेजारच्या एका समर्थक आजींनी ते लिहून दिलं, असा खुलासा झाला, पण विरोधकांना आयता मुद्दा मिळाला. डिसेंबर २०२४ च्या फसलेल्या मार्शल लॉमध्ये सहभागाचा आरोप असलेला एक निवृत्त लष्करी अधिकारी भविष्य सांगण्याचं दुकान चालवत होता, असंही समोर आलं.

इथे लोकांचा राग समजण्यासारखा आहे. मतदाराने निवडून दिलेल्या माणसाचे निर्णय दुसराच कुणीतरी बंद खोलीत घेत असेल, तर प्रश्न लोकशाहीचा असतो. पण त्या रागात पंथवाला, साजूवाला, दलाल आणि मुदांग सगळे एकाच पोत्यात भरले जातात, आणि मग मार खाते ती कुठल्यातरी गल्लीत दहा बाय दहाच्या खोलीत बसलेली मुदांग.

पैसे कुणाचे जातात?

२०१५ च्या जनगणनेत ५६ टक्के कोरियन लोकांनी आपला कुठलाही धर्म नसल्याचं सांगितलं. पण धर्म नाही म्हणजे मुदांगकडे जात नाही, असं नाही. मुलाची विद्यापीठ प्रवेश परीक्षा, नोकरी, घराचं कर्ज, ब्रेकअप, दुकान चालेल का, हे प्रश्न घेऊन लोक जातातच. १९९० च्या दशकात छोट्या व्यावसायिकांचे गुत किती वाढले होते, हे केंडल यांनी नोंदवून ठेवलंय. विकसित देशांच्या ओईसीडी गटात आत्महत्येचं प्रमाण कोरियात सर्वाधिक आहे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला आजही अनेकांना संकोच वाटतो. मुदांगकडे जाऊन रडायला तो संकोच वाटत नाही.

आता ही भेट फोनवरही होते. यूट्यूबवर मुदांगांचे चॅनेल आहेत, इन्स्टाग्रामवरून अपॉइंटमेंट मिळते. साध्या सल्ल्याचे ५० हजार ते १ लाख वॉन, म्हणजे अंदाजे तीन ते सहा हजार रुपये. इथपर्यंत ठीक. पण गुत सांगितला की आकडा लाखो वॉनवरून कोटीत जातो. १ कोटी वॉन म्हणजे आपले सहा लाख रुपयांच्या आसपास.

सगळ्यात धोकादायक वाक्य मात्र वेगळंच आहे: ‘तुझ्यावर देवाची नजर आहे, तू स्वतः मुदांग झाली नाहीस तर घरच्यांवर संकट येईल.’ झोप उडालेल्या, नैराश्यात असलेल्या तरुणीला हे ऐकवलं की तिला आपली सगळी लक्षणं सिनब्योंगशी जुळताना दिसतात. मग नेरिम-गुतचा खर्च, देव्हाऱ्याचा खर्च, देवआईची दक्षिणा. यात डॉक्टरकडे जायची वेळ निघून जाते. ज्या मुली खरोखर या वाटेने जाऊन सावरल्या त्यांच्या कहाण्या यूट्यूबवर भरपूर सापडतात. कर्ज घेऊन बाहेर पडलेल्या मुली कॅमेऱ्यासमोर कमी येतात.

कायदा काय म्हणतो? गुत करून पैसे घेणं हा कोरियात गुन्हा नाही. गुतचा परिणाम झाला नाही, एवढ्यावरही फसवणूक सिद्ध होत नाही, कारण माणूस मनाच्या समाधानासाठीही पैसे देतो, असं न्यायालयं मानत आली आहेत. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक सीमा स्पष्ट केली. परंपरेने चालत आलेल्या प्रथेच्या किंवा धार्मिक कृतीच्या मर्यादेबाहेर जाऊन, संकटाची भीती घालून किंवा खात्रीशीर फळाचं आमिष दाखवून पैसे उकळले, तर ती फसवणूकच.

आता ही मर्यादा नेमकी कुठे संपते, ते प्रत्येक खटल्यात नव्याने ठरतं. न्यायालय बघतं की विधी खरंच झाला का, रक्कम इतर ठिकाणी घेतात त्याच्या कितीपट होती, पैसे पूजेवर गेले की स्वतःच्या कर्जफेडीवर, आणि समोरचा माणूस त्या वेळी कोणत्या मनःस्थितीत होता. त्यासाठी पावती लागते, मेसेज लागतात, साक्षीदार लागतो. मुदांगकडे गेल्याचं घरात कुणालाच न सांगितलेल्या माणसाकडे यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं.